दर्शनानंतरची पोटरी

शिर्डीला आलेल्या माणसाचं सगळ्यात आधी काय दुखतं, हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. पोटऱ्या. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या तीन उत्सवांना, आणि एरवीही गुरुवारी, दर्शनाची रांग तासन्‌तास सरकत असते. सरकते म्हणजे काय, तर चार पावलं पुढे जाते आणि मग बराच वेळ जागच्या जागी उभी राहते. पायात चप्पल नाही, खाली फरशी, कडेवर पोर. गर्दीतून बाहेर आलेला माणूस पहिल्या कट्ट्यावर बसतो, पाय लांब करतो आणि स्वतःच स्वतःची पोटरी दाबायला लागतो. तिथूनच पुढे त्याला तळपाय घासून देणारं यंत्र दिसतं, मालिशची खुर्ची दिसते, हॉटेलच्या लिफ्टमध्ये स्पाची जाहिरात दिसते.

शिर्डी राहाता तालुक्यात येते. तालुक्याचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर पाचेक किलोमीटरवर आहे, पेरूच्या बागांसाठी ओळखलं जाणारं. या टापूत दमून येणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. मुंबईहून पालखीबरोबर चालत येणारे साईभक्त चैत्राच्या उन्हात सुमारे अडीचशे किलोमीटर तुडवतात. आता त्यात गाडीवाल्यांची भर पडली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि पाच-सहा तास ढिम्म बसून थेट दर्शनाला येणं सोपं झालं. कोणी चालून आंबलेला, कोणी बसून आखडलेला, कोणी रांगेत उभा राहून सुजलेला. तिघांना एकच मालिश चालत नाही, आणि नेमकं हेच कुठल्याही दरपत्रकावर लिहिलेलं नसतं.

उभं राहून पाय का भरतात, ते आधी पाहू. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरी करते. पाऊल उचललं की पोटरीचे स्नायू आवळले जातात, त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या त्याला परत खाली येऊ देत नाहीत. चालणाऱ्याचा हा पंप सतत चालू असतो. रांगेत उभ्या असलेल्याचा बंद पडतो. मग रक्त खाली साठतं, त्यातलं पाणी आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत झिरपतं आणि संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर उठून दिसतो. अशा पायाला घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे खालून वर, सावकाश दाब देत नेलं की बरं वाटतं. पाय उशीवर उंच ठेवून पडलं तरी बरंच काम होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

चालून आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याचे स्नायू सवयीपेक्षा जास्त वापरले गेलेले असतात, त्यात अतिसूक्ष्म इजा झालेल्या असतात, आणि हे दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते भरात असतं. म्हणून पालखीतला नवखा पहिल्या मुक्कामाला हसत असतो आणि घाट चढायच्या वेळी रडकुंडीला येतो. मालिशवाला अशा वेळी हमखास सांगतो, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, काढून टाकतो.’ ते तिथे नसतंच. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. काल चाललेल्या पायात आज ते शोधायला जाणं व्यर्थ.

मग मालिशीने होतं काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा छडा लावायला एक धीट प्रयोग केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश दिली, दुसरी मांडी तशीच ठेवली. दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या मांडीत दाह वाढवणारे रासायनिक निरोप कमी झालेले आढळले. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नव्याने घडवण्याचे इशारे वाढले होते. लॅक्टेटमध्ये मात्र दोन्हीकडे काही फरक नव्हता. अकरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण दिशा कळते: फायदा खरा आहे, मालिशवाला सांगतो ते कारण खोटं.

दुखणं कमी होण्यामागे मज्जासंस्थेचाही हात आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एका दाराशी थांबतो, आणि स्पर्शाचे, दाबाचे निरोप त्याच वेळी आले तर ते दार थोडं लोटलं जातं. कोपर आपटला की आपण तो आपोआप चोळतो, त्याचं शास्त्र हे. पुढे त्यांच्या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकून आहे.

याहून मला गंमत वाटते ती दुसऱ्या एका शोधाची. आपल्या लव असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, पोटरी इथे, काही फार मंद चालणारे मज्जातंतू असतात. वस्तू खडबडीत आहे की गुळगुळीत, हे कळवणं त्यांचं काम नाही. कुणीतरी मायेने हात फिरवतंय, एवढंच ते कळवतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या नसेत केसाएवढी सुई घालून त्यांचे संकेत मोजले. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरला की हे तंतू सगळ्यात जास्त बोलतात, आणि माणूसही त्याच वेगाला ‘छान वाटतंय’ म्हणतो. त्याहून भराभर किंवा त्याहून संथ फिरवला की दोन्ही घटतं. स्पर्श साधारण त्वचेएवढा कोमट असेल तर उत्तम, गार हात असेल तर नाही.

हिशेब करून पाहा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंतर धरा चाळीस सेंटिमीटर. सेकंदाला तीन-चार सेंटिमीटरने हात फिरवायचा तर एका फेरीला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. आता आठवा, गर्दीच्या दिवशी मालिशवाला किती वेळात एक पाय उरकतो. घाईने केलेली मालिश दुखणाऱ्या गाठीला कदाचित उपयोगी पडेल, पण जीव निवायला हवा असेल तर वेग कमी करायला सांगावं लागतं. ‘जरा सावकाश, दादा,’ हे मागायला संकोच कशाला?

या परिसरातल्या मालिशीचा सगळ्यात जिवंत प्रसंग मात्र कुठल्या प्रयोगशाळेतला नाही, तो द्वारकामाईतला, म्हणजे साईबाबा राहत त्या मशिदीतला आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या साईसच्चरिताच्या चोविसाव्या अध्यायात तो येतो. साईबाबा कठड्याशी बसलेले. एका बाजूला अण्णा चिंचणीकर वाकून त्यांचा हात दाबताहेत. दुसऱ्या बाजूला वेणूबाई कौजलगी, ज्यांना सगळे मावशीबाई म्हणत, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बाबांच्या कमरेला विळखा घालून पोट रगडताहेत. त्या इतक्या जोराने रगडत, की बाबा पुढे-मागे हेलकावत. एकदा बघणाऱ्यांना राहवलं नाही. बाई, जरा बेताने, आतल्या नसा तुटतील, असं ते म्हणाले. बाबा भडकले. उठले, सटका म्हणजे हातातला दांडका जमिनीवर आपटला, मग त्याचं एक टोक खांबाला टेकवून दुसरं स्वतःच्या पोटात दाबू लागले. सगळ्यांची बोबडी वळली. पुन्हा कोणी कोणाच्या सेवेत तोंड घातलं नाही.

भाविक या गोष्टीत भक्तीचं स्वातंत्र्य पाहतात, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक दिसतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यात अंग रगडून घेणं हा चैनीचा विषयच नव्हता. रोजच्या व्यवहारातला होता, सर्वांसमक्ष होता, आणि जोर किती लावायचा यावर तेव्हाही वाद होत होता. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात बाबांची मोहिद्दीन तांबोळीशी कुस्ती झाल्याचं येतं. कुस्ती आली म्हणजे तालीम आली, तालीम आली म्हणजे तेल आलं. आजही नगर जिल्ह्यातल्या तालमीत जोर-बैठका झाल्या की पोरं एकमेकांना रगडताना दिसतात. तिथे गादी नाही, मंद दिवे नाहीत, बासरीची ध्वनिफीत नाही. खालचा ओरडतो, वरचा हसतो आणि आणखी कोपर रोवतो.

घरोघरी तर मालिश जन्मापासून आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशीबाईंना अजून मागणी आहे, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेल-उटणं चुकत नाही. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बाळासाठी तेल निवडताना मोहरीच्या तेलाचा हट्ट धरू नये, ते नाजूक कातडीच्या संरक्षक थराला अपाय करतं असं दिसलं आहे. उलट बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग कमी झाल्याचं २००५ साली ‘लॅन्सेट’ने छापलं.

आता त्या तळपाय घासणाऱ्या यंत्राकडे येऊ, कारण तीर्थक्षेत्री आणि प्रदर्शनांत हल्ली सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापाशी असते. काशाची थाळी गरगर फिरते, तिच्यावर तळपाय ठेवायचा, वरून तूप किंवा तेल सोडायचं. मूळ घरगुती रीत काशाच्या वाटीची. रात्री आजी वाटी घेऊन बसायची, तळपायाला तूप लावून घासायची, डोळ्यांची आग थांबते म्हणायची. यंत्रावर दहा मिनिटांत तूप काळंकुट्ट होतं. चालक अभिमानाने दाखवतो: ‘बघा, केवढी उष्णता होती अंगात.’ शेजारच्या बाईंचं फारसं काळं झालं नसेल, तर त्यांना उगाच अपराधी वाटतं.

काळं काय असतं, ते पाहा. कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू, तांबं त्यात साधारण चार भागांना तीनाहून जास्त. घासताना धातूचे अतिबारीक कण निघतात, तुपातली आम्लं आणि पायाचा घाम तांब्याशी क्रिया करतात, वर तळव्याची मेलेली कातडी आणि दिवसभराची धूळ मिसळते. रंग त्याचा. ज्याच्या पायाला घाम जास्त, ज्याची कातडी जाड, त्याचं तूप जास्त काळं. शरीरातली उष्णता, विष किंवा पित्त तळपायातून काळं होऊन बाहेर येत नाही, तशी वाटच नाही. पण म्हणून यंत्र बंद करा, असं मी म्हणणार नाही. तळवा हा दिवसभर मार खाणारा अवयव. त्याला कोमट, गुळगुळीत, एका लयीतला दाब मिळाला की झोप चांगली लागते. तेवढ्यासाठी खुशाल बसा. फक्त थाळी आधीच्या गिऱ्हाइकानंतर पुसली का, एवढं पाहा. भेगाळलेली टाच, चिखल्या, फोड असतील तर बसू नका. आणि मधुमेह असून पायाची संवेदना कमी झाली असेल तर अजिबात नाही: भाजलं, सोललं तरी कळणार नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरणार नाही. पालखीतून आलेल्यांनी फोडांवर मालिश करून घेण्याचा मोह आवरावा. फोड धुऊन, झाकून ठेवावा. चोळायची ती पोटरी आणि मांडी.

हॉटेलातल्या स्पाचं दरपत्रक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्यात स्वीडिश असतं, थाई असतं, बाली असतं, आयुर्वेदिक असतं. यातल्या स्वीडिश मालिशीचं श्रेय पेर हेन्रिक लिंग यांना देण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात लांब हात फिरवणं, मळणं, थापट्या मारणं, घासणं ही तिची मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या योहान गेओर्ग मेझगर या डच वैद्याने रूढ केली. थाई मालिश तेलाशिवाय, कपड्यांवरून, जमिनीवरच्या गादीवर होते, तिच्यात ताण देणं आणि दाबणं जास्त. २०१९ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. उलट्या दिशेने सांगायचं तर पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद नावाचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला गेला, वाफेचं स्नान आणि मालिश देऊ लागला आणि थेट राजाचा मालिशकार झाला. म्हणजे आपल्याकडची चंपी विलायतेला गेली आणि विलायती नावं लावून आपल्याच हॉटेलात परत आली.

‘पंचकर्म मसाज’ या पाटीवर मात्र माझा राग आहे. पंचकर्मं पाच: वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. त्यात मालिश नाही. अभ्यंग आणि स्वेदन, म्हणजे तेल चोळणं आणि घाम आणणं, ही त्याआधीची तयारी, पूर्वकर्म. ओकारी किंवा जुलाब करवणारे उपचार कोणी सहलीत अर्ध्या तासात उरकत नाही, ते वैद्याच्या देखरेखीखाली, पथ्य सांभाळून होतात. ‘अभ्यंग’ अशी साधी पाटी लावली असती तर ती खरी झाली असती, कदाचित खपली कमी असती. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करायला सांगितला, डोकं, कान आणि तळपाय यांच्यावर भर द्यायला सांगितला, आणि कोणी करू नये तेही सांगून ठेवलं: कफाने बेजार असलेल्याने, नुकतीच शोधनं, म्हणजे पंचकर्मं, झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. हे तिसरं सहलीतल्या माणसाने कागदावर लिहून ठेवावं. थाळीभर जेवून, वर बासुंदी पिऊन पालथं पडून पाठ रगडून घेणं हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

स्पा या नावाभोवती आपल्याकडे थोडी कुजबूजही आहे. त्या नावाखाली भलते धंदे चालतात आणि पोलिसांच्या धाडी पडतात, अशा बातम्या आपण वाचतो, आणि त्यामुळे मन लावून काम करणाऱ्या मुलामुलींना नाहक मान खाली घालावी लागते. चांगली जागा ओळखायला अवघड नसतं. दर लिहिलेला असतो, पावती मिळते, चादर गिऱ्हाइकागणिक बदलते, आणि सुरुवातीलाच कोणीतरी विचारतं: रक्तदाब आहे का, शस्त्रक्रिया झाली का, दिवस गेलेत का, कुठे दुखतं? हे प्रश्न न विचारता थेट झोपायला सांगणाऱ्याकडून उठून यावं.

आता दोन धोके, हे मात्र मी थट्टेवारी नेणार नाही.

पहिला सलूनमधला. दाढी झाली, डोक्याची चंपी झाली की आपला कारागीर हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात धरतो आणि कडकन मान मोडतो. आवाज आला की गिऱ्हाईक खूश. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, काहीही ‘जागेवर बसलेलं’ नसतं. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. २०१७ साली दिल्लीत पन्नाशी उलटलेल्या एका माणसाची मान अशीच सलूनमध्ये मोडली गेली, श्वासपटल हलवणाऱ्या नसांना इजा झाली आणि श्वासासाठी त्याला यंत्राचा आधार घ्यावा लागला. चंपी करून घ्या, खांदे दाबून घ्या. हात हनुवटीकडे वळला की त्याला थांबवा.

दुसरा धोका समृद्धीवरून आलेल्यांचा, म्हणजे बसून आलेल्यांचा. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं. दुप्पट म्हणजेही फार नव्हे, साधारण सहा हजारांत एक. पण ज्याला झाली त्याला ती बहुधा पोटरीतच होते, आणि वाटते साध्या पेटक्यासारखी. फरक असा, की दमलेले पाय दोन्ही दुखतात, गुठळीचा पाय बहुधा एकच. तो दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम, लालसर आणि दाबल्यावर खोल दुखणारा असतो. त्याला रगडलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असेल, प्लॅस्टर असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, बाळंतपण नुकतंच झालं असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर शंका आधी धरावी.

म्हणून गाडीने शिर्डीला याल तेव्हा वाटेत दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. दर्शन झाल्यावर पाणी प्या, पाय उंच ठेवून अर्धा तास पडा, आणि मालिश घ्यायचीच तर जेवणाआधी घ्या, किंवा जेवण जिरल्यावर. महागाच्या तेलाला पैसे मोजण्यापेक्षा मिनिटं जास्त मागून घ्या. दुखलं की ‘दुखतंय’ म्हणा, सोसून फायदा वाढत नाही. आणि एकच पोटरी सुजलेली, तापलेली असेल, तर स्पाचा रस्ता सोडा. याच तालुक्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. त्याच दिवशी तिथे जाऊन पाय दाखवा.